महामार्ग रुंदीकरण आणि वन्यजीवांचे संचारमार्ग : नियोजनाची तत्त्वे व पेंचचा अनुभव

देशाच्या आर्थिक विकासात रस्त्यांचे स्थान निर्विवाद आहे. २०१४ मध्ये देशातील राष्ट्रीय महामार्गांची लांबी सुमारे ९१ हजार किलोमीटर होती. २०२४ पर्यंत ती १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या पुढे गेली. लांबीबरोबरच रुंदीही वाढली. दुपदरी रस्ते चौपदरी व सहापदरी झाले, वाहनांचा वेग वाढला आणि मालवाहतुकीचा कालावधी घटला. शेतमालाला बाजारपेठ मिळणे, उद्योगांचे विकेंद्रीकरण होणे, दुर्गम भागातील रुग्णास वेळेवर उपचार मिळणे या सर्व गोष्टी चांगल्या रस्त्यांवर अवलंबून आहेत.

तथापि मध्य भारत, पश्चिम घाट, शिवालिकचा पायथा आणि ईशान्य भारत या प्रदेशांत यांतील अनेक महामार्ग वनक्षेत्रातून किंवा दोन वनक्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यांतून जातात. तेथे माणसाच्या दळणवळणाची सोय वन्यप्राण्यांच्या दळणवळणास अडसर ठरते. या पेचातून मार्ग काढण्यासाठी भुयारी मार्ग, उन्नत मार्ग, हरितसेतू अशा संरचना उभारल्या जातात. अशी संरचना म्हणजे रस्ता झाल्यावर करावयाची डागडुजी नव्हे. तिचा विचार मार्गरेषा ठरवितानाच व्हावा लागतो आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन जोवर वन्यप्राण्यांना वावरण्याजोगी राहते तोवरच तिला अर्थ असतो. प्रस्तुत लेखात याच सूत्राच्या आधारे विषयाचा आढावा घेतला आहे.

रस्ता अडथळा कसा ठरतो?

रस्त्याचे वन्यजीवांवरील परिणाम चार प्रकारचे असतात. पहिला, अधिवासाचा प्रत्यक्ष नाश. रस्त्यासाठी जमीन व झाडे जातात. दुसरा, अधिवासाचे विखंडन. एकसंध जंगलाचे तुकडे पडतात. तिसरा, वाहनांच्या धडकेने होणारे मृत्यू. चौथा, आवाज, प्रकाश आणि माणसांची वर्दळ यांमुळे रस्त्यालगतचा पट्टा प्राण्यांनी टाळणे. यांपैकी धडकेने होणारे मृत्यू सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु दीर्घकालीन दृष्टीने विखंडन अधिक घातक असते.

एका साध्या गणिताने हा मुद्दा स्पष्ट होईल. दिवसाचे सेकंद ८६,४००. एखाद्या रस्त्यावरून दिवसाकाठी ४,००० वाहने जात असतील, तर सरासरीने दर २१ ते २२ सेकंदांस एक वाहन जाते. धोका पत्करून का होईना, प्राणी असा रस्ता ओलांडू शकतो. वाहनांची संख्या २०,००० झाली की हे अंतर जेमतेम ४ सेकंदांवर येते. शिवाय ओलांडावयाचा रस्ता आता दुप्पट रुंद असतो आणि मध्ये दुभाजक असतो. अशा वेळी बहुतेक प्राणी रस्त्याजवळ येण्याचेच सोडून देतात.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. वाहतूक मध्यम असताना मृत्यूंचे प्रमाण अधिक असते. वाहतूक फार वाढली की ते कमी होऊ शकते. म्हणून एखाद्या रुंद रस्त्यावर मृत प्राणी आढळत नाहीत, एवढ्यावरून तो रस्ता निर्धोक आहे असे मानणे चुकीचे ठरेल. कदाचित तेथील ये-जा पूर्णपणे थांबलेली असेल.

संचारमार्गांचे महत्त्व

दोन वा अधिक अधिवासांना जोडणारा आणि वन्यप्राण्यांना त्यांमध्ये ये-जा करू देणारा भूप्रदेश म्हणजे संचारमार्ग, अर्थात कॉरिडॉर. तो घनदाट जंगलाचाच असतो असे नाही. प्रादेशिक वनविभागाचे जंगल, नदीकाठची झाडी, गायराने आणि क्वचित शेतेही त्यात मोडतात. यामुळेच त्याला राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याइतके कायदेशीर संरक्षण सहसा नसते.

भारतातील बहुसंख्य व्याघ्र प्रकल्प एकटे घेतल्यास लहान आहेत. वयात आलेला नर वाघ जन्मस्थान सोडून नव्या क्षेत्राच्या शोधात निघतो. ही वाट बंद झाली तर जवळच्या नात्यात प्रजनन होऊन आनुवंशिक विविधता घटते आणि लहान संख्या रोगराईस किंवा दुष्काळास सहज बळी पडते. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांमध्ये संचारमार्गांमुळे आनुवंशिक देवाणघेवाण होत आल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानेही संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यांची गरज आनुवंशिक सातत्याच्या कारणासाठीच नमूद केली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये देशातील ३२ प्रमुख व्याघ्र संचारमार्गांची नोंद केली. हत्तींच्या बाबतीत २०२३ च्या केंद्रीय अहवालात १५ राज्यांतील १५० संचारमार्ग नमूद आहेत.

वाट तुटल्यास काय होते, याचे उदाहरण उत्तराखंडातील राजाजी व्याघ्र प्रकल्पात आढळते. गंगेच्या पूर्वेकडील चिल्ला व पश्चिमेकडील मोतीचूर यांमधील अरुंद पट्ट्यात महामार्ग, लोहमार्ग, कालवा आणि वस्ती यांची दाटी झाली. पूर्व भागात वाघांची संख्या चांगली असूनही पश्चिम भागात अनेक वर्षे केवळ दोन वाघिणी उरल्या. पूर्वेकडील नर त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. अखेर डिसेंबर २०२० पासून कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातून वाघ आणून पश्चिम राजाजीत सोडावे लागले. जे काम निसर्ग विनामूल्य करीत होता, ते पिंजरा, बेशुद्धीचे औषध व मालमोटार यांच्या साहाय्याने करण्याची वेळ आली.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ४८-अ व ५१-अ (ग) समाविष्ट झाले. पहिल्यानुसार पर्यावरण, वने व वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याचे निदेशक तत्त्व आहे, तर दुसऱ्यानुसार ते नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. याच दुरुस्तीने वने व वन्यजीव संरक्षण हे विषय समवर्ती सूचीत आले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील पुढील तरतुदी अभ्यासकांनी ध्यानात घ्याव्यात. २००२ च्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वन्यजीव मंडळास वैधानिक दर्जा मिळाला. त्याच दुरुस्तीतील कलम ३६-अ नुसार संरक्षित क्षेत्रांना जोडणारी शासकीय जमीन 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून घोषित करता येते. २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. कलम ३८-ओ अन्वये व्याघ्र प्रकल्प तसेच त्यांना जोडणारी क्षेत्रे यांचा पर्यावरणदृष्ट्या अशाश्वत वापर होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी प्राधिकरणावर आहे. सार्वजनिक हितासाठी अपवाद करावयाचा झाल्यास प्राधिकरणाचा सल्ला व राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आवश्यक असते. संचारमार्गातून जाणाऱ्या रस्त्यांच्या बाबतीत हीच तरतूद कळीची आहे.

वनजमीन लागत असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता घ्यावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असे झाले. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत २०१३ मध्ये बदल होऊन १०० किलोमीटरपेक्षा अधिक लांबीच्या आणि विद्यमान मार्गरेषेवर ४० मीटरपेक्षा अधिक जादा रुंदीची जमीन लागणाऱ्या महामार्ग विस्तारासच पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली. परिणामी अनेक रुंदीकरण प्रकल्प या प्रक्रियेबाहेर राहतात. त्यांच्या बाबतीत वन व वन्यजीव मंजुरी हाच मुख्य पडताळा असतो. एकच महामार्ग अनेक टप्प्यांत विभागून मंजुरीस आल्यास संपूर्ण मार्गाचा एकत्रित परिणाम कोणत्याच कागदावर येत नाही, ही या व्यवस्थेतील मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी.

नियोजनाचा क्रम

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये रेषीय पायाभूत सुविधांच्या परिणामांवरील उपाययोजनांसाठी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. रेषीय सुविधा म्हणजे रस्ते, लोहमार्ग, कालवे व वीजवाहिन्या. अशा प्रकल्पांत टाळणे, कमी करणे, उपशमन करणे आणि भरपाई करणे, असा उपाययोजनांचा क्रम मानला जातो. हा क्रम उलटा करता येत नाही. भरपाई म्हणून अन्यत्र लावलेली झाडे तुटलेला संचारमार्ग जोडू शकत नाहीत.

टाळणे म्हणजे पर्यायी मार्गाचा शोध. संवेदनक्षम क्षेत्राला वळसा घातल्याने काही किलोमीटर अंतर वाढते. मात्र संरचनांचा खर्च व मंजुरीस लागणारा काळ वाचतो. म्हणून वळशाच्या वाढीव अंतराची तुलना जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या केवळ बांधकाम खर्चाशी न करता उपशमनासह होणाऱ्या एकूण खर्चाशी करावयास हवी.

कमी करणे म्हणजे रस्ता अपरिहार्य असल्यास त्याची रुंदी, वेग वा वापराची वेळ मर्यादित ठेवणे. कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीस बंदी आहे. २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम केली. केरळातील वायनाड भागातील प्रवासी व व्यापाऱ्यांची यामुळे होणारी अडचण खरी आहे आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा निर्णयासोबत पर्यायी रस्ता सुस्थितीत ठेवणे किती आवश्यक असते, हेही या उदाहरणातून कळते.

वरील दोन्ही उपाय अपुरे असतील तेथे ओलांडणी संरचनांचा विचार करावा लागतो. त्यांचे स्थान नकाशावर समान अंतरे मोजून ठरत नाही. पाऊलखुणा, कॅमेरा ट्रॅप, रेडिओ कॉलर, रस्त्यावरील मृत्यूंच्या नोंदी, उपग्रह प्रतिमा आणि वनरक्षकांचा अनुभव यांच्या आधारे प्राण्यांच्या नेहमीच्या वाटा शोधल्या जातात. उन्हाळ्यात प्राणी पाणवठ्याकडे वळतात, पावसाळ्यात विखुरतात. म्हणून एका ऋतूतील पाहणी पुरेशी नसते. ओढे व नाले हे नैसर्गिक मार्ग असल्याने तेथील पूल लांब व उंच केल्यास थोड्या वाढीव खर्चात मोठा लाभ होतो. ही माहिती सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होण्यापूर्वी अभियंत्याच्या हाती पडली पाहिजे. रस्त्याची पातळी व भराव निश्चित झाल्यावर भुयारी मार्गास पुरेशी उंची मिळणे दुरापास्त होते.

संरचनांचे प्रकार व मोजमाप

रस्त्याखालून जाणारे भुयारी मार्ग, संपूर्ण रस्ताच खांबांवर उचलणारे उन्नत मार्ग आणि रस्त्यावरून जाणारे, माती व वनस्पतींनी आच्छादलेले हरितसेतू हे तीन मुख्य प्रकार होत. झाडांवरून वावरणाऱ्या प्राण्यांसाठी वृक्षछत्र पूल असतात. तामिळनाडूतील वालपराई येथे सिंहपुच्छ वानरांसाठी असे पूल बांधले आहेत. सरपटणाऱ्या लहान प्राण्यांसाठी उत्तराखंडातील कालाढुंगी–नैनिताल रस्त्यावर २०२० मध्ये बांबू, ताग व गवत यांचा पूल उभारण्यात आला.

भुयारी मार्गाची उपयुक्तता जोखण्यासाठी 'मोकळेपणाचे गुणोत्तर' वापरतात. संरचनेची रुंदी व उंची यांच्या गुणाकारास प्राण्याने तिच्याखाली चालावयाच्या अंतराने भागल्यास ते मिळते. समजा, १२ मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्याखाली ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच मोरी आहे. तिचे गुणोत्तर ९ भागिले १२, म्हणजे ०.७५ येते. रस्ता ३० मीटरपर्यंत रुंद करताना तीच मोरी लांबविली, तर गुणोत्तर ०.३ वर घसरते. मोरी तीच असली तरी प्राण्याच्या दृष्टीने तिचे अंधाऱ्या बोगद्यात रूपांतर झालेले असते. याउलट ५० मीटर रुंद व ५ मीटर उंच संरचनेचे गुणोत्तर त्याच ३० मीटर अंतरासाठी ८ पेक्षा अधिक येते. रुंदीकरणात जुन्या मोऱ्या केवळ लांबवून का भागत नाही, ते या उदाहरणावरून समजते. दोन्ही दिशांच्या मार्गिकांचे पूल वेगळे ठेवून मध्ये मोकळी जागा सोडल्यास प्रकाश आत येतो व मोकळेपणा वाढतो.

प्रजातींच्या गरजाही भिन्न असतात. कळपाने राहणारे चितळ व गवे यांना समोरचा टोकापर्यंतचा भाग दिसावा लागतो. हत्तींना पुरेशी उंची लागते. साळिंदर, रानमांजर यांना अरुंद जागाही चालते. संरचनेखाली नैसर्गिक माती, तोंडाशी स्थानिक झुडपे, प्राण्यांना तोंडाकडे वळविणारे कुंपण आणि आवाज व दिव्यांचा झोत अडविणारे पडदे ही तिची अविभाज्य अंगे होत. कुंपण आहे पण ओलांडणी नाही, अशी स्थिती सर्वांत वाईट. कारण मग रस्ता अक्षरशः भिंत बनतो. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात ६ हरितसेतू व ३८ भुयारी मार्ग यांना सलग कुंपणाची जोड दिल्याने वाहन-वन्यप्राणी धडकांत ८० टक्क्यांहून अधिक घट झाली.

पेंचचा अनुभव

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ (या भागात पूर्वीचा क्रमांक ७) नागपूर व शिवनी यांदरम्यान पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या वनक्षेत्रातून आणि कान्हा–पेंच संचारमार्गातून जातो. उत्तर–दक्षिण महामार्गाच्या चौपदरीकरणात हा टप्पा अनेक वर्षे रखडला. छिंदवाड्यावरून जाणारा पर्यायी मार्ग सुचविला गेला. मध्यवर्ती अधिकारप्राप्त समिती, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण व न्यायालये यांच्यापुढे हा प्रश्न गेला. दरम्यान अस्तित्वातील रस्त्याची दुरवस्था होऊन प्रवाशांनाही त्रास सोसावा लागला. अखेर भारतीय वन्यजीव संस्थेच्या शिफारशींच्या आधारे संरचनांसह रुंदीकरण करण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

महाराष्ट्राच्या हद्दीत ४ लहान पूल व ५ भुयारी मार्ग अशा एकूण ९ संरचना उभारण्यात आल्या. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. ७५० मीटरची संरचना म्हणजे व्यवहारात जंगलावरून नेलेला उन्नत मार्गच होय. मध्य प्रदेशाच्या हद्दीतही भुयारी मार्गांबरोबर आवाज व प्रकाश रोखणारे पडदे बसविण्यात आले.

या संरचनांचा वापर होतो की नाही, याची पद्धतशीर पाहणी झाली, हे पेंचचे खरे वैशिष्ट्य. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात महाराष्ट्रातील ९ संरचनांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे टिपली गेली. सर्वाधिक वापर चितळांनी केला. वाघाच्या ८९ नोंदी झाल्या आणि पट्ट्यांच्या रचनेवरून ते ११ वेगवेगळे वाघ असल्याचे निष्पन्न झाले. बिबट्या, रानकुत्रे, अस्वल, गवा, सांबर व नीलगाय यांनीही या वाटा स्वीकारल्या.

या आकड्यांचा अर्थ मात्र तारतम्याने लावावयास हवा. पुरेशा रुंद संरचना योग्य जागी बांधल्यास वन्यप्राणी त्या वापरतात, हे यातून सिद्ध झाले. परंतु तेथेच राहणारा वाघ रोज रस्त्याखालून जाणे आणि तरुण वाघ पेंचमधून निघून कान्ह्यापर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कॅमेऱ्यात काही महिन्यांत दिसते. दुसरीची खात्री पटण्यासाठी दीर्घकाळ आनुवंशिक व संचारविषयक निरीक्षणे आवश्यक असतात.

संरचनेपलीकडे : जमिनीचा प्रश्न

समजा, उत्तम भुयारी मार्ग तयार झाला. पण त्याच्या तोंडाशी पाच वर्षांत उपाहारगृहे, पेट्रोलपंप, गोदामे व निवासी भूखंड आले. मग त्याखालून प्राण्याने जावे कोठे? रुंदीकरणाने लगतच्या जमिनीचे भाव वाढतात आणि हीच जमीन संचारमार्गाचा भाग असते. म्हणूनच संरचनेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या वापरावर नियंत्रण ठेवणे, शक्य तेथे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करणे आणि व्याघ्र संवर्धन आराखडा व प्रादेशिक विकास आराखडा यांचा मेळ घालणे अगत्याचे आहे. यात स्थानिक ग्रामसभांचा विश्वास संपादन करणे अपरिहार्य आहे. वन हक्क अधिनियम, २००६ खालील हक्क डावलून आखलेला संचारमार्ग कागदावरच राहण्याची शक्यता अधिक.

दुसरा मुद्दा एकत्रित परिणामांचा. कान्हा–पेंच पट्ट्यातून महामार्गाप्रमाणेच गोंदिया–जबलपूर लोहमार्गही जातो. नवेगाव व नागझिरा यांमधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. एका प्राण्याला एका प्रवासात असे अनेक अडथळे पार करावे लागतात. रस्त्याखाली वाट ठेवली आणि समांतर लोहमार्गावर नाही, तर पहिला खर्च व्यर्थ जातो. तिसरा मुद्दा देखभालीचा. साचलेले पाणी, तुटलेले कुंपण, संरचनेखालील गुरांचा तळ वा वाहनतळ यांमुळे वाट बंद होऊ शकते. यास्तव देखभाल व निरीक्षण यांचा खर्च व जबाबदारी प्रकल्पाच्या करारातच नमूद असावी.

अलीकडील काही प्रकल्पांतून विचारांची दिशा बदलल्याचे जाणवते. दिल्ली–डेहराडून मार्गावर शिवालिकच्या जंगलात सुमारे १२ किलोमीटरचा उन्नत मार्ग बांधण्यात आला. आसामात काझीरंगा येथे पुराच्या काळात गेंडे, हरणे व हत्ती महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या उंच टेकड्यांकडे जातात. तेथील कलियाबोर–नुमालीगड टप्प्याच्या चौपदरीकरणास २०२५ मध्ये मंजुरी मिळाली असून त्यात सुमारे ३४ किलोमीटरचा उन्नत मार्ग समाविष्ट आहे. अशा मार्गांचा खर्च मोठा असतो, त्यामुळे ते सर्वत्र शक्य नाहीत. याच कारणास्तव संवेदनक्षम पट्टे आधी निश्चित करून मर्यादित निधी तेथे केंद्रित करणे हे नियोजनकारांचे कर्तव्य ठरते.

समारोप

महामार्ग आणि वन्यजीव यांत एकाचीच निवड करण्याचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उद्भवत नाही. परंतु दोन्ही साधतील अशी जागा व वेळ निवडण्याचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उद्भवतो. मार्गरेषा कागदावर असताना घेतलेला निर्णय स्वस्त व परिणामकारक असतो. काँक्रीट ओतल्यावर घेतलेला निर्णय महाग व अपुरा. पेंचने संरचना उपयोगी पडतात हे दाखविले, तर राजाजीने उशिराची किंमत दाखविली. येत्या काळात रुंदीकरणाचे प्रस्ताव तपासताना संरचनांची संख्या मोजण्याबरोबरच त्यांच्या पलीकडे जंगल उरणार आहे काय, हा प्रश्न विचारला गेला, तरच विकास व संवर्धन यांचा समतोल प्रत्यक्षात येईल.

सरावासाठी प्रश्न

१. 'रस्त्यावरील वन्यप्राण्यांचे मृत्यू घटणे हे नेहमीच संवर्धनाच्या यशाचे लक्षण नसते.' सकारण चर्चा करा.
२. संचारमार्गांच्या संरक्षणाच्या दृष्टीने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २००२ व २००६ च्या दुरुस्त्यांचे महत्त्व स्पष्ट करा.
३. टाळणे, कमी करणे, उपशमन व भरपाई हा क्रम महामार्ग रुंदीकरणाच्या संदर्भात उदाहरणांसह विशद करा.
४. पेंच येथील संरचनांच्या पाहणीतून कोणते निष्कर्ष काढता येतात व कोणते काढता येत नाहीत?